‘थॉ झाला नाही’ म्हणजे नेमकं काय झालं?

गोठवून ठेवलेला एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला गर्भ, ट्रान्सफरआधी वितळवून परत जिवंत होतो का ते बघतात, त्याला थॉ करणं म्हणतात. तो ‘थॉ झाला नाही’ म्हणून गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलेलं पत्र बरंच लांब आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून गाभा तेवढा देते.

‘ताई, माझं वय ३६. अडीच वर्षांपूर्वी आयव्हीएफ केलं तेव्हा चार ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढलेले एम्ब्रियो) झाले. एक लगेच ठेवला, राहिलं नाही. तीन फ्रीज केले. मग ह्यांची बोटीवरची नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, पैशांची जुळवाजुळव यात वेळ गेला. आता गोळ्या घेऊन लाइनिंग (गर्भाशयाचं अस्तर) तयार केलं, ९ मिलिमीटर आलं, डॉक्टर खूश होत्या. ट्रान्सफरच्या, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात ठेवायच्या, दिवशी भावाबरोबर पणजीच्या क्लिनिकला निघाले, पर्वरीपर्यंत पोचले आणि फोन आला, एम्ब्रियो थॉ झाला नाही, येऊ नका. फाइलवर त्याची ग्रेड ५एए होती, तिघांत सगळ्यात चांगली; उरलेले दोन ४ ग्रेडचे, त्यातला एक सहाव्या दिवसाचा. दुसरा का नाही काढला असं विचारलं, तर म्हणाले फॉर्मवर एकच काढायची सही आहे आणि मिस्टर बोटीवर आहेत. आदल्या रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल मी तीन तास उशिरा घेतली होती, हे कोणाला सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात, फ्रीजातल्या वस्तूत कसला जीव, त्यात पावसात लाईट जाते, तेव्हाच खराब झाले असणार. नणंद म्हणते, उरलेले दोन मुंबईला हलवा, टेस्ट करा आणि दोन्ही एकदम ठेवा, काय ते एकदाच होऊन जाऊ दे. देवीने उजवा कौल दिला होता, तरी असं का? हे चवथीला येतायत, दीड महिना असतील. मी काय करू? माझं काही पडलं नाही, दिवसही गेले नव्हते, त्यामुळे मी रडते ते कशाला, हेच घरात कोणाला कळत नाही. आणि नुस्त्याचं (मासळीचं) काय? सगळं बंद केलंय.’

बाय, आधी त्या कॅप्सूलचं मिटवू. पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस, पण झोप उडवलीय ती त्यानेच, असं मला वाटतं. कॅप्सूल तुझ्या गर्भाशयाच्या अस्तरासाठी होती. एम्ब्रियो गर्भाशयात आलाच नव्हता. तू पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये होतीस तेव्हा तो लॅबमधल्या एका छोट्या बशीत होता, आणि जे व्हायचं ते तिथेच झालं. तुझं लाइनिंग, तुझं टेन्शन, उशिरा घेतलेलं औषध, आदल्या दिवशी उचललेली पाण्याची कळशी, यातलं काहीच त्या बशीपर्यंत पोचत नाही. तुझ्या शरीराची यात परीक्षाच झाली नाही. कॅप्सूलची वेळ पुढच्या खेपेला सांभाळ, आणि पुन्हा कधी उशीर झाला तर फोन करून सांग. त्यांना असे फोन रोज येतात, कोणी रागावत नाही.

मी एका आयव्हीएफ लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्या सकाळी आत काय चालतं ते सांगू शकते. क्लिनिकमध्ये ‘थॉ झाला’ किंवा ‘नाही झाला’ एवढंच सांगतात, आणि मधली सगळी जागा बायका स्वतःला दोष देऊन भरून काढतात.

एम्ब्रियो एका बारीक प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकाला ठेवलेला असतो. त्याच्याभोवतीचा द्रव इतका थोडा की नुसत्या डोळ्यांना ओलसर चकाकी तेवढी दिसते. पट्टीवर तुझं नाव, नंबर, तारीख. दोघांनी ते मोठ्याने वाचून ताडून बघायचं, मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून पट्टी उचलायची आणि क्षणाचाही उशीर न करता ३७ अंशांच्या द्रावणात बुडवायची. ही घाई मुद्दाम असते. फ्रीज करताना पेशींतलं बरंचसं पाणी काढून त्या जागी बर्फ धरू न देणारी द्रव्यं भरतात आणि इतक्या झपाट्याने थंड करतात की बर्फाचे कण तयार व्हायला सवडच मिळत नाही, सगळं काचेसारखं घट्ट होतं. याला विट्रिफिकेशन म्हणतात. धोका परत येतो तो बाहेर काढताना. मधल्या तापमानात पट्टी जरा जरी रेंगाळली तर तिथेच बर्फ धरतो आणि त्याच्या टोकांनी पेशी फाटतात. म्हणून थंड करण्याच्या वेगाइतकाच, किंबहुना जास्तच, गरम करण्याचा वेग महत्त्वाचा.

पहिलं द्रावण साखरेचं, चांगलं दाट. त्यात मिनिटभर. मग निम्म्या साखरेच्या द्रावणात तीनेक मिनिटं, मग बिनसाखरेच्या द्रावणात धुवायचं. पेशींत पाणी एकदम घुसलं तर त्या फुटतील, म्हणून हे पायऱ्यापायऱ्यांनी. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यानंतर मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते बघून नवख्या माणसाच्या पोटात गोळाच येईल. आखडलेला, सुरकुतलेला, मूळ आकाराच्या निम्माही नाही. पण ते ठीक असतं. तो इनक्युबेटरमध्ये ठेवायचा आणि दोन-तीन तासांनी परत बघायचा. जिवंत असेल तर बाहेरच्या पेशी आत पाणी ओढू लागतात, मधली पोकळी भरते, तो पुन्हा फुगतो. मग डॉक्टरांना कळवायचं. जिवंत नसेल तर तासांमागून तास तसाच राहतो, पेशी तपकिरी आणि दाणेदार दिसतात, कडा पुसट होतात. असा एम्ब्रियो ठेवून काही होत नाही. तुमच्या लॅबने तो ठेवला नाही आणि तसं स्पष्ट सांगितलं, हे बरोबरच केलं.

आता विचारायला हवं ते इथे. ‘थॉ झाला नाही’ या एका वाक्याखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. पूर्ण मेला. काही पेशी जगल्या, काही गेल्या, आणि ठेवण्यासारखा नाही असं ठरवलं. किंवा, क्वचित, पट्टीवरून द्रावणात उतरल्यावर सापडलाच नाही. तिसऱ्या दिवसाच्या आठ पेशींच्या एम्ब्रियोत निम्म्या पेशी शाबूत असल्या तरी तो वाचला असं धरतात. ब्लास्टोसिस्टमध्ये शंभरावर पेशी असतात, तिथे मोजदाद नसते, तो पुन्हा फुगतो का हे बघतात आणि उरलेलं एम्ब्रियोलॉजिस्टच्या नजरेवर असतं. तुझ्या बाबतीत यातलं काय झालं? फोटो काढला होता का? बऱ्याच लॅब काढतात. मागून घे.

तो ५एए होता, सगळ्यात चांगला होता, हे तुला जास्त लागलंय. ग्रेड कशी वाचतात ते ठाऊक असलं तर कदाचित थोडं सुसह्य होईल. ५ हा आकडा किती फुगलाय ते सांगतो. पाच म्हणजे बाहेरचं कवच फोडून निघायला लागलेला. पहिला ‘ए’ बाळ होणाऱ्या आतल्या पेशींच्या गुच्छाचा, दुसरा ‘ए’ वार होणाऱ्या बाहेरच्या थराचा. म्हणजे दिसायला अव्वल. पण जितका जास्त फुगलेला तितकं पोकळीत पाणी जास्त, आणि पाणी जास्त तिथे बर्फाचा धोका जास्त. म्हणून अनेक लॅब फ्रीज करण्याआधी लेझरने बारीकसं भोक पाडून किंवा सुईने टोचून तो मुद्दाम आखडवतात. तुझ्या ५एएला तसं केलं होतं का, हे विचार. केलं नसेल तर वर्गातला पहिला नंबरच का गेला याचं एक पटणारं कारण मिळतं, आणि उरलेले दोघे ४ ग्रेडचे आहेत, म्हणजे एवढे फुगलेले नव्हते. केलं असेल तर हे कारण बाजूला पडलं.

आकड्यांचं सांगते, कारण नणंदेला आणि तुला दोघींनाही वाटतंय की एक गेला म्हणजे बाकीचेही गेल्यातच जमा. हळूहळू गोठवण्याची जुनी पद्धत होती तेव्हा दहातले तीन-चार जाणं नवल नव्हतं. विट्रिफिकेशनने ते बदललं. एम्ब्रियोलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय जाणकारांनी व्हिएन्ना इथे ठरवलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांत म्हटलंय की कोणत्याही लॅबमध्ये ब्लास्टोसिस्ट वाचण्याचं प्रमाण किमान ९० टक्के असावं आणि लक्ष्य ९९ टक्क्यांचं ठेवावं. तुमच्या लॅबचं ९५ धरू. मग तिघांपैकी निदान एक न वाचण्याची शक्यता किती? साधारण सातात एक. एवढ्या वारंवार जे घडतं त्याला अघटित म्हणता येत नाही. आणि उरलेले दोन्ही न वाचण्याची शक्यता? चारशेत एक.

पण या हिशोबात एक गोम आहे, आणि तुझ्या पत्राला माझं खरं उत्तर तिथेच आहे. हा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा प्रत्येक एम्ब्रियोचं नशीब वेगळं असतं. तिन्ही एकाच हाताने, एकाच दिवशी, एकाच किटमध्ये फ्रीज झाले आणि त्या दिवशीच काही चुकलं असेल, किंवा टाकीतला नायट्रोजन मध्ये कधी खाली गेला असेल, तर एकाचं दुखणं तिघांचं असू शकतं. म्हणून उरलेल्या दोघांना हात लावण्याआधी एवढं एक शोधून काढ: गेला तो एकटा गेला, की त्या दिवसाचीच काही गडबड आहे?

ते कसं कळणार? एम्ब्रियोलॉजिस्टशी थेट बोलायची वेळ माग. डॉक्टरांशी बोलणं वेगळं, लॅबमधल्या माणसाशी वेगळं. रिसेप्शनवर ‘त्या बिझी आहेत’ म्हणतील, तरी बसून राहा. विचार, गेल्या वर्षभरात तुमच्याकडे किती ब्लास्टोसिस्ट थॉ केले आणि त्यांतले किती वाचले? जगातले आकडे नकोत, या लॅबचे सांगा. माझ्यासोबत त्याच आठवड्यात फ्रीज झालेल्या इतरांचे कसे निघाले? त्यांची नावं तुला नकोत, प्रमाण हवं. तिन्ही एकाच दिवशी फ्रीज झाले होते का? सहाव्या दिवसाचा जो आहे तो दुसऱ्या दिवशी झाला असणार, म्हणजे त्याची बॅच आपोआप वेगळी. प्रत्येक एम्ब्रियो वेगळ्या पट्टीवर आहे का? टाकीतल्या नायट्रोजनच्या पातळीची वही आहे का? चांगली लॅब या प्रश्नांना रागावत नाही. आकडे पाठ असतात त्यांचे. ‘आमच्याकडे सगळेच वाचतात’ असं उत्तर आलं तर मात्र मला शंका येईल. सगळेच कोणाकडेच वाचत नाहीत.

उत्तरं समाधानकारक आली तर तिथेच पुढे जा. आकडाच देत नसतील, किंवा तो ८०-८५ च्या आसपास घोटाळत असेल, तरच हलवण्याचा विचार कर. हलवता येतात. कोरड्या नायट्रोजनच्या खास भांड्यातून नेतात, आत द्रव सांडण्यासारखा नसतो आणि थंडी कित्येक दिवस टिकते. पण स्वतःच्या वापरासाठी एम्ब्रियो दुसरीकडे न्यायला कायद्यात राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीची तरतूद आहे, दोन्ही क्लिनिकांची कागदपत्रं लागतात, आणि ज्यांनी फ्रीज केले नाहीत त्यांच्या हाती ती पट्टी नवी असते. कोणत्या पद्धतीची पट्टी, कोणतं किट, हे त्यांना आधी लेखी कळायला हवं. आणि एकदा हलवले की प्रत्येक स्कॅनला तूही मुंबई. नणंद म्हणते तितकं ते सोपं नाही.

सासूबाईंच्या लाईटचं. प्रश्न अगदी रास्त आहे, त्यांना हसू नकोस. पावसाळ्यात सत्तरी-डिचोलीकडे लाईट कशी जाते ते मला ठाऊक आहे. पण एम्ब्रियोची टाकी विजेवर चालतच नाही. तो एक मोठा थर्मास आहे, दुहेरी भिंतीचा, मधली हवा काढलेला. आतला नायट्रोजन हळूहळू उडून जातो, म्हणून काही दिवसांनी भर घालावी लागते, बस. लाईट दोन दिवस नसली तरी आतल्या एम्ब्रियोला त्याचा पत्ता लागत नाही. विजेवर चालतात ते इनक्युबेटर, आणि त्यांना यूपीएस आणि जनरेटर असतो. तेव्हा चौकशी करायची ती लाईटची नाही, नायट्रोजन वेळेवर भरतात का, याची. हे सासूबाईंना थर्मासच्याच भाषेत सांग, पटेल.

अडीच वर्षं ठेवल्याने शिळे झाले, असंही कोणी म्हणेल. उणे १९६ अंशांवर पेशीतलं सगळं थांबलेलं असतं. अमेरिकेत १९९४ साली फ्रीज केलेल्या एम्ब्रियोतून २०२५ साली बाळ जन्मलं, तेही जुन्या पद्धतीने गोठवलेल्या. आपल्याकडे कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. आणि फ्रीजातल्या वस्तूत कसला जीव, याचं उत्तर आपल्याच देशात आहे: कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ ला दुर्गा जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर सत्तर दिवसांनी. तिचा एम्ब्रियो ५३ दिवस गोठवून ठेवला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, आणि त्यांच्या हयातीत कोणी मानलं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या, देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मानल्या गेलेल्या हर्षाच्या वेळचे शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी पुढे १९९७ मध्ये मुखोपाध्यायांच्या वह्या तपासून जाहीरपणे सांगितलं की हा मान त्यांचा आहे. स्वतःकडे असलेला पहिलेपणाचा मान असा दुसऱ्याला देणारा माणूस विरळा. विषय थोडा भरकटला, पण हे सांगायची संधी मी सोडत नाही.

कौलाबद्दल मी काही बोलणार नाही. तो तुझा आणि देवीचा प्रश्न.

दोन्ही एकदम ठेवा, याला माझा स्पष्ट विरोध आहे. दोन्ही थॉ केले आणि दोन्ही वाचले, आणि त्याची शक्यताच जास्त आहे, तर दोन्ही ठेवावे लागतील किंवा एक परत फ्रीज करावा लागेल. परत फ्रीज करता येतो, पण त्या बिचाऱ्याला त्याच घाटातून दुसऱ्यांदा का न्यायचं? आणि दोन्ही ठेवून दोन्ही रुजले तर जुळं. लोकांना ते एका दगडात दोन पक्षी वाटतं. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, आईचं बीपी चढण्याचा धोका वाढतो, आणि मग बाळं काचेच्या पेटीत आणि तू पायरीवर. तुझे मिस्टर तेव्हा कुठल्या समुद्रात असतील कोण जाणे. एकेक करून ठेवल्याने एकूण संधी कमी होत नाही.

त्याऐवजी असं कर, आणि पत्रातल्या तुझ्या सगळ्या प्रश्नांत मला हे सर्वात तातडीचं वाटतं. मिस्टर आले की पहिल्याच आठवड्यात दोघं मिळून संमतीपत्र नव्याने भरा. त्यात लिहून घ्या: आधी एक एम्ब्रियो थॉ करावा, तो वाचला नाही तर त्याच सकाळी दुसरा थॉ करावा, आणि ठेवायचा एकच. क्लिनिकने त्या दिवशी सहीशिवाय दुसरा काढला नाही हे कायद्याला धरूनच होतं. २०२१ च्या सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्यानुसार दोघांच्या लेखी संमतीशिवाय त्यांना काही करता येत नाही. पण नवरा बोटीवर आहे हे माहीत असताना ही शक्यता आधी समोर ठेवून सही घ्यायला हवी होती, तो ढिसाळपणा त्यांचा. एका ओळीअभावी तुझी महिनाभराची तयारी वाया गेली. हे त्यांना शांतपणे सांग, म्हणजे पुढच्या बाईचं तरी वाचेल. आणि आणखी एक मागून घे: थॉ सकाळी लवकर करा आणि एम्ब्रियो फुगल्याचं कळल्यावरच मला निघायला सांगा. ट्रान्सफर दुपारी असतो, डिचोलीहून पणजी काही दूर नाही. रस्त्यात असा फोन पुन्हा यायला नको.

टेस्टचं सांगायचं तर, तू नवीन आयव्हीएफ करत असतीस तर विचार केला असता. आता त्या दोघांची गुणसूत्रं तपासायची म्हणजे थॉ करा, बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढा, परत फ्रीज करा, रिपोर्ट आला की परत थॉ करा. हातात दोनच असताना एवढी ओढाताण मला पटत नाही. तुझी अंडी काढली तेव्हा तू ३३-३४ ची होतीस, आणि एम्ब्रियोचं वय तिथेच थांबलंय. त्या वयात साधारण एक तृतीयांश एम्ब्रियोंत गुणसूत्रांचा दोष निघतो. तसा एम्ब्रियो बहुतेक वेळा रुजत नाही किंवा लवकर पडतो, म्हणजे ती निवड शरीर स्वतःही करतं. दोषाची कोणाच्या घराण्यात ठाऊक असलेली केस असेल तर गोष्ट वेगळी, मग जेनेटिक काउन्सेलरला भेट. आणि टेस्टच्या निमित्ताने मुलगा की मुलगी ते कळेल, असं कोणाच्या मनात असेल तर १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. नणंदेच्या मनात तसं नसेलही, पण सांगून ठेवलेलं बरं.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेव. थॉमधून वाचणं हा पहिला आणि सगळ्यात सोपा दरवाजा आहे. वाचलेला प्रत्येक एम्ब्रियो रुजत नाही. चांगल्या लॅबमध्ये, चांगल्या ग्रेडचा ठेवूनही, तुझ्या त्या वेळच्या वयाला बाळ घरी येण्याचं प्रमाण दर ट्रान्सफरमागे निम्म्याच्या आसपास, बहुतेक ठिकाणी त्याच्या जरा खालीच. दोन एम्ब्रियो म्हणजे दोन खऱ्या संधी, खात्री नव्हे. तुझी पाळी नियमित असेल तर पुढची ट्रान्सफर गोळ्यांच्या सायकलऐवजी नैसर्गिक सायकलमध्ये करता येईल का, हेही विचार. नैसर्गिक सायकलमध्ये अंडं सुटलेल्या जागी शरीर स्वतः हॉर्मोन करतं, आणि त्या गरोदरपणात बीपीचा त्रास कमी दिसतो. स्कॅन जास्त करावे लागतात, तारीख हातात राहत नाही, म्हणून क्लिनिकांना गोळ्यांची सायकल सोयीची पडते. आणि या भेटीत एएमएच (अंडाशयात किती अंडी उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पुन्हा करून घे. हे दोघे नाही राहिले तर पुढचा पिक-अप (अंडी काढणं) तुझ्या आजच्या वयाच्या अंड्यांवर होईल, आणि ती थांबून राहिलेली नाहीत. पैशांनी दमला असाल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) २०२३ पासून सरकारी मोफत आयव्हीएफ केंद्र आहे, तिथे नाव घालायचा विचार आत्ताच करून ठेव, दोघांचा निकाल लागेपर्यंत थांबू नकोस.

तारखांचं सोपं आहे. गोळ्यांची सायकल असली तर पाळी आल्यापासून ट्रान्सफरपर्यंत साधारण तीन आठवडे. मिस्टर दीड महिना आहेत, सही आणि ट्रान्सफर दोन्ही त्यात बसतं. चवथीचा आठवडा तेवढा टाळ. ट्रान्सफरनंतर झोपून राहायची गरज नसते, घरकाम, गाडी, जिने सगळं चालतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, आणि प्रत्येक जण विचारणार की यंदा काही गोड बातमी? त्यात वाट बघायचे ते दिवस नकोत.

राहिलं रडण्याचं. घरात कोणाला कळत नाही कारण दाखवण्यासारखं काही नाही. दिवस गेले नव्हते, काही पडलं नाही, सोयर नाही, सुतक नाही. पण अडीच वर्षं तू त्या तिघांची फी भरत होतीस, मनात त्यांची गणती धरत होतीस, आणि त्यातला एक गेला. रडू येणारच. सगळ्यांना समजावत बसू नकोस, ते तुझं काम नाही. सासूबाईंना मात्र सांग, असं मला वाटतं. लाईट गेली की त्यांना त्या एम्ब्रियोंची काळजी वाटते, म्हणजे त्यांनीही ते मनाने आपले धरलेत. मिस्टरांना फोनवर नको, येऊ देत, समोर बसून सांग, कॅप्सूलचंही. नंतर कधी ते दुसऱ्याच कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं. दोन-तीन आठवड्यांनीही झोप, जेवण परत येत नसेल तर क्लिनिकच्या काउन्सेलरकडे जा.

आणि नुस्तं कशाला बंद केलंस? बांगडे, तारले बिनधास्त खा, चांगलं शिजलेलं असलं म्हणजे झालं. मोरी (शार्क) तेवढी टाळ, मोठ्या माशांत पारा जास्त असतो. पिकलेली पपई चालते, कच्ची नको. अननसाचा गाभा खाल्ला की एम्ब्रियो चिकटतो असं इन्स्टाग्रामवर फिरतंय. त्याला काही आधार नाही, पण अननस आवडत असेल तर खा.